पहिली कादंबरी, पंधरा वर्षांची नायिका आणि आंबील ओढा : मदत हवी आहे

ओढ्याकाठची

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं एक कादंबरी लिहितेय. पहिलीच. चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी आहे, आजच्या पुण्यात घडते आणि तिच्यात अद्भुत आहे. इंग्रजीत याला अर्बन फँटसी म्हणतात. मराठीत मी स्वतःपुरतं 'नगर-अद्भुत' म्हणते, पण त्या शब्दावर माझंच मन बसत नाही. कुणाला बरा शब्द सुचला तर सांगा.

गोष्ट थोडक्यात अशी. वैजू, म्हणजे वैजयंता, दहावीत आहे आणि दांडेकर पुलाजवळ ओढ्याकाठच्या वस्तीत राहते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा तिच्या घरात शिरतो. त्यानंतर तिला नसलेल्या जागी पाणी ऐकू येऊ लागतं. बाजीराव रस्त्यावर, फुटपाथच्या खाली, भर उन्हाळ्यात. ओढा त्याची जुनी वाट शोधतोय. तो पूर्वी जुन्या गावाच्या पश्चिमेकडून वाहत थेट शनिवारवाड्याच्या अंगाला मुठेला मिळायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो वळवला, पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं आणि रिकाम्या झालेल्या जमिनीवर पेठ वाढली. हे सगळं खरं आहे, मी फक्त विचारलं की ओढ्याला हे आठवत असेल का.

या शहरात साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, राहतात. एक सारसबागेच्या फाटकाशी कणसं विकते, एक स्वारगेटच्या एसटी स्टँडवर झोपते, एक मेट्रोच्या बोगद्यात उतरलीय. बाकीच्यांबद्दल आत्ता सांगत नाही.

एकूण ९५,००० शब्द झालेत. एका प्रकाशकांनी वाचून परत केलं. म्हणाले, हे बालसाहित्य नाही आणि मोठ्यांचंही नाही, दुकानात कुठल्या कपाटात ठेवायचं? दुसऱ्या ठिकाणी पहिली दहा पानंही न वाचता छपाईचा खर्च सांगितला. त्या दिवशी घरी येऊन मी फाईल बंद केली ती दोन महिने उघडली नाही.

आता उघडली आहे. मला सगळ्यात जास्त शंका भाषेबद्दल आहे. दुसरी शंका आसरांबद्दल, त्या घ्याव्यात की नाही. खालचा उतारा वैजूला पहिली आसरा भेटते तिथला आहे. मोकळेपणानं बोला.

> वैजयंताने दीर्घ श्वास घेतला. तिच्या हृदयाचे ठोके वाढले होते. समोरची स्त्री मंद स्मित करत होती. तिचे डोळे निळ्या प्रकाशाने चमकत होते.
>
> "कोण आहेस तू?" वैजयंताने विचारले.
>
> "मी जलाची रक्षक आहे. तुझ्या रक्तात आमचा वारसा आहे, मुली. शेकडो वर्षे आम्ही तुझी वाट पाहत होतो."

---

सातवीण

धागा वाचनखुणांत साठवला. ओढ्याला जुनी वाट आठवते ही कल्पना वाचून मी उठून खिडकीत गेले. आमची इमारत सदाशिव पेठेत आहे. आता रात्री झोप लागायची नाही.

'नगर-अद्भुत' पाठ्यपुस्तकी वाटतं. 'शहरी अद्भुतकथा' म्हणा, सरळ आहे.

---

निळी_शाई

मी सोळा वर्षांची आहे, अकरावीत. आईच्या खात्यावरून वाचायचे, आता माझं उघडलंय.

ताई, राग मानू नका. गोष्ट मला खूप आवडली, उतारा अजिबात आवडला नाही. वैजू दांडेकर पुलाला राहते ना? मग ती "कोण आहेस तू" असं कशाला म्हणेल? समोर मोठी बाई बसलीय, ती "तुम्ही कोण?" म्हणेल. किंवा काहीच म्हणणार नाही, हंडा उचलून निघून जाईल. आम्ही अनोळखी बाईशी बोलत नाही, घरून तेवढंच शिकवलेलं असतं.

आणि "तुझ्या रक्तात वारसा" हे मी इंग्रजी पुस्तकांत इतक्यांदा वाचलंय की ते आलं की मी पानं उलटते. प्रत्येक वेळी नायिका कुणीतरी खास घराण्यातली निघते. मग आमच्यासारख्या साध्या घरातल्या मुलींना काय? मला वैजूला रक्तामुळे नाही, ती त्या रात्री तिथे होती म्हणून पाणी ऐकू यायला हवंय.

निळे डोळे पण काढा. प्लीज.

---

डोंगरवाट

निळी_शाई, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. हाच या धाग्याचा गाभा आहे.

धागाकर्तीला वाचायला सुचवतो. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहायचे आणि टेकड्यांवरून, पायवाटांवरून हिंडून त्यांनी देवीच्या ठाण्यांचा अभ्यास केला. १९६२ च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात चौरस्त्यांवरच्या मातृदेवतांवर स्वतंत्र प्रकरण आहे. शेंदूर लावलेला दगड जुन्या वाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे असतो, हे त्यांनी नकाशा घेऊन पाहिलं. तुमच्या सात जणींना शहरात कुठे बसवायचं हा प्रश्न असेल तर तिथून सुरुवात करा. सारसबागेचं फाटक सोयीचं आहे म्हणून नको, तिथे पूर्वी पाणी होतं म्हणून हवं. आणि तिथे होतंच. 'तळ्यातला गणपती' हे नाव अजून जुनी माणसं घेतात.

कोकणातल्या भुताखेतांच्या नोंदी हव्या असतील तर जॅक्सन यांनी गोळा केलेली आणि एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये संपादित केलेली टिपणं आहेत. भाषा साहेबी आहे, पण शाळामास्तरांनी गावागावांतून पाठवलेली माहिती आहे ती. गिऱ्हा, देवचार, मुंजा, सगळे भेटतात.

---

कोकणकडा

अवांतर : पुण्यातल्या देवांच्या नावांचं काय केलंत? जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, गुपचूप गणपती, खुन्या मुरलीधर. नुसत्या नावांवर एकेक प्रकरण होईल.

---

ओढ्याकाठची

@कोकणकडा, पहिल्या खर्ड्यात सगळे होते! एका प्रकरणात अकरा देव येऊन गेले. मग लक्षात आलं की ती यादी होतेय, गोष्ट थांबतेय. आता फक्त गुपचूप गणपती ठेवलाय, कारण वैजूला एक गोष्ट कुणाला तरी सांगायची असते आणि ती फुटायला नको असते.

@निळी_शाई, राग कसला. तुझ्यासाठीच लिहितेय गं. 'तुम्ही कोण' हे मी का चुकले याचा विचार करतेय. मी स्वतः त्याच वस्तीत वाढलेय. मला माहीत आहे आम्ही कसं बोलतो. पण लिहायला बसले की हात आपोआप पुस्तकासारखं लिहितो.

---

विवेकवाट

लिखाणातली तळमळ दिसते, म्हणून सविस्तर लिहितो.

मी बरीच वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतोय. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला तोपर्यंत आणि त्यानंतरही खेड्यांत, वस्त्यांत जाऊन बोलतो. अद्भुतकथेला माझा विरोध नाही. माझ्या मुलांनी परीकथा वाचल्या आणि मीच वाचून दाखवल्या. पंधरा वर्षांच्या मुलाला गोष्ट आणि बातमी यातला फरक कळतो.

माझी काळजी वेगळी आहे. विहिरीत मूल बुडालं की 'आसरांनी ओढलं' म्हणतात. असं म्हटलं की विहिरीला कठडा का नव्हता हे कुणी विचारत नाही. २०१९ चा पूर तुमच्या गोष्टीत आसरांनी आणला असेल, किंवा ओढ्याच्या रागामुळे आला असेल, तर ओढ्याचं पात्र कुणी अरुंद केलं, भिंती कुठे पडल्या, कडेला काय काय उभं राहिलं, हे सगळं त्या रागाखाली झाकलं जाईल. त्या रात्री माणसं गेली. त्यांच्या घरचे लोक तुमचे शेजारी आहेत. त्यांच्यासमोर हे पुस्तक ठेवताना तुम्ही काय सांगाल?

---

मोरपंखी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

सातवीण

विवेकवाट, अगदी मान्य नाही, पण शेवटच्या ओळीनं अस्वस्थ केलं.

---

रानजाई

मी सहसा वाचून जाते, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटतंय.

आमचं मूळ गाव वेल्हे तालुक्यात, पानशेतच्या पाण्याखाली गेलं. आईच्या आईकडून ऐकलेलं सांगते. नदीच्या डोहावर आसरांचं ठाणं होतं. सात दगड, शेंदूर लावलेले, आणि शेजारी म्हसोबा. बाळंतीण पहिल्यांदा पाण्याला निघाली की हळदकुंकू वाहायची, हिरवा खण, दहीभात ठेवायची. आमच्याकडे त्यांना मावलायाही म्हणतात. गाव उठलं तेव्हा लोकांनी देवळातल्या मूर्ती नेल्या, पण आसरांना कुणी हलवलं नाही. आजी म्हणायची, त्या पाण्याच्याच आहेत, त्यांना पाण्याचं काय भय.

मग १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि सगळं पाणी निघून गेलं. गाव पुन्हा उघडं पडलं. आजी आणि तिचा भाऊ बघायला गेले होते. जोत्यांवर गाळ बसलेला, झाडं काळी पडलेली. डोहावर गेले तर दगड नव्हते. सातातला एकही नाही. म्हसोबा होता.

आजी शेवटपर्यंत म्हणायची, त्या पाण्याबरोबर पुण्याला गेल्या.

माझ्यासाठी आसरा ही कल्पना नाही, विश्वास आहे असंही म्हणवत नाही. ती माझी आजी आहे. तुम्ही त्यांना गोष्टीत घ्या. पण निळ्या डोळ्यांच्या रक्षक नका करू. त्या कुणाचं रक्षण करत नाहीत. त्यांचं देणं दिलं तर त्या शांत असतात, एवढंच.

---

डोंगरवाट

रानजाई.

(यापुढे काय लिहावं ते सुचत नाहीये.)

---

जुनापेठकर

वय बहात्तर. एकसष्ट साली मी आठ वर्षांचा होतो, नारायण पेठेत. सकाळी पानशेत गेलं आणि मग त्या लोंढ्यानं खडकवासला. आम्हाला कुणी काही नीट सांगितलं नव्हतं. शाळेतून घरी पाठवलं. पाणी नदीकडून लाटेसारखं येईल अशी कल्पना होती, तसं आलं नाही. आमच्या वाड्यात ते आधी मोरीतून वर आलं. काळं, हळूहळू. आई भांडी उचलत होती आणि मोरीतून पाणी वर येत होतं. मग गल्लीच्या तोंडातून आलं आणि मग पळालो. रात्र पर्वतीकडच्या ओळखीच्यांकडे काढली. परत आलो तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ होती, माझ्या उंचीच्या दुपटीहून वर. वडिलांनी ती पुसू दिली नाही. पुढे वाडा पडेपर्यंत ती होती.

रानजाईबाई, तुमच्या आजींचं वाचून मला आमची मोरी आठवली. एवढंच सांगायचं होतं.

धागाकर्तीबाई, दोन गोष्टी. ओढ्याच्या जुन्या वाटेबद्दल लिहिलंत ते बरोबर आहे, पूर्वेला नागझरीचा ओढा आणि पश्चिमेला आंबील ओढा, मध्ये कसबा. पण नागझरी विसरू नका. ती वळवली नाही, ती झाकली गेली. दोघांचं दुःख सारखं नाही. आणि कात्रजच्या तळ्यापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून जो पाण्याचा नळ आणला, तो माणूस आत चालू शकेल एवढा आहे. वर जागोजाग उच्छ्वास बांधले, लोक उसासे म्हणायचे. हवा खेळती राहावी, गाळ काढायला उतरता यावं म्हणून. लहानपणी आम्ही त्यावर कान लावून बसायचो. तुमच्या वैजूनं एकदा तरी उसाशाला कान लावायला हवा.

---

ओढ्याकाठची

काका, 'उसासे' हा शब्द मला माहीत नव्हता. तीन वर्षं नकाशे बघतेय आणि हा शब्द मला कुठे भेटला नाही. शहरानं सोडलेले उसासे. आता वैजू पहिल्यांदा पाणी ऐकते ती जागा फुटपाथ नसेल.

रानजाई, तुमच्याशी व्यक्तिगत निरोपातून बोलले आहे, तुम्ही परवानगी दिलीत म्हणून इथेही लिहिते. आजींची हकिगत मी गोष्टीत घेणार आहे, तुमच्या घरची ओळख पटेल असं काही न ठेवता. माझ्या कादंबरीला तीन वर्षं जे मिळत नव्हतं ते त्या हकिगतीत आहे. आसरा पुण्यात कशा आल्या याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी 'शेकडो वर्षं वाट पाहत होतो' असलं काहीतरी लिहून वेळ मारून नेली. त्या नळातून आल्या. पुणं जे पाणी पितं ते खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून येतं आणि त्या प्रत्येकाच्या तळाशी कुणाचं तरी गाव आहे. त्यांचं देणं बाकी आहे आणि ते आपल्या सगळ्यांवर आहे, कारण आपण सगळे तेच पाणी पितो. वैजूला खास रक्त लागतच नाही.

विवेकवाट, तुमच्या प्रश्नावर तीन दिवस उत्तर लिहून खोडलं. सहावं प्रकरण तुम्हाला नुसतंच सांगते : तिथे एक भगत वस्तीत येतो आणि पूर का आला ते सांगतो, आणि माझ्या खर्ड्यात तो खरं बोलतो. ते मी बदलणार आहे. तो खोटं बोलेल. आसरा वैजूला सांगतात की आम्ही पूर आणला नाही, आम्हाला इथून वाहायचं होतं, वाट तुम्ही बुजवलीत. मग ती मुलगी महापालिकेत जाऊन ओढ्याचा जुना नकाशा मागते. त्या सगळ्या धावपळीत जादू तिला एका कारकुनाच्या टेबलापर्यंतही पोचवत नाही, तिथे तिला स्वतः अर्ज लिहावा लागतो. त्या रात्री आमच्या शेजारच्या घरातली दोन माणसं गेली. पुस्तक पहिलं त्या घरात नेणार आहे. त्यांना वाचायचं नसेल तर नुसतं ठेवून येईन.

---

विवेकवाट

अर्ज लिहिण्याचा प्रसंग जरूर ठेवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाहीत. दहावीच्या मुलांना हे कळलं तरी मला तुमच्या सातही आसरा मान्य आहेत.

---

प्रूफवाली

उशिरा आले. मी मुद्रितशोधन आणि थोडंफार संपादन करते, तेव्हा जरा कोरड्या गोष्टींबद्दल लिहिते. पहिल्या पुस्तकाला याच गोष्टी फार त्रास देतात.

लांबी आधी. ९५,००० शब्द म्हणजे छापून साडेतीनशेच्या आसपास पानं. किमतीचं गणित तिथेच बिघडतं. मराठीत पहिली आवृत्ती बहुधा पाचशे किंवा हजार प्रतींची असते, आणि एवढ्या कमी प्रतींत जाड पुस्तक महाग पडतं. महाग पुस्तक दहावीचा मुलगा स्वतःच्या पैशानं घेत नाही. साठ-पासष्ट हजारांवर आणता आलं तर बघा. वारशाचं प्रकरण काढताय, त्यातच बरंच जाईल.

छपाईचा खर्च मागणाऱ्यांना लगेच होकार देऊ नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ती पहिल्याच पुस्तकासाठी असते आणि कादंबरी तिच्यात बसते. मंडळाकडून त्या वर्षीचे नियम आणि अर्ज मागवा. हस्तलिखित तपासलं जातं, वेळ लागतो, पण नाव कामाला येतं.

करार मिळाला तर घरी आणून सावकाश वाचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये लेखकाच्या सोयीचं बरंच आहे आणि फार कमी लेखकांना ते ठाऊक असतं. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. किती वर्षांसाठी दिले हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन प्रकाशकानं वर्षभर काही केलंच नाही तर ते परत तुमच्याकडे येतात, मात्र करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशी ओळ दिसली की पेन खाली ठेवा. श्राव्य पुस्तक, भाषांतर, चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे मोजा. तुमच्या गोष्टीला श्राव्य रूप फार चांगलं मिळेल, ती ऐकण्याचीच गोष्ट आहे.

फाईल यूनिकोडमध्ये असेल, असू द्या. बऱ्याच ठिकाणी अक्षरजुळणी अजून श्रीलिपीत, म्हणजे यूनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये, होते आणि रूपांतर करताना जोडाक्षरं मोडतात. 'उच्छ्वास', 'गिऱ्हा' आणि 'बाऱ्या'सारखे सगळे शब्द पहिल्या प्रुफात एकेक करून तपासा. मी 'ऱ्य'चा 'र्य' झालेला शेवटच्या छापील प्रतीत पाहिलाय, आणि तो मी तपासलेल्याच पुस्तकात. अजून सलतो.

आता कपाटाचं. 'कुठल्या कपाटात ठेवायचं' हा प्रश्न खोटा नाही. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकांचं वय बारा-तेराला संपतं आणि त्यापुढे एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, जुने अंक त्यांनी सगळ्यांसाठी खुले केलेत. पण 'किशोर' वाचून मोठ्या झालेल्या मुलीला पुढच्या चार वर्षांसाठी मराठीत हाताशी काय असतं? म्हणून ती इंग्रजीकडे जाते. तिथे तिच्या वयाचं कपाट तयार असतं. तुमचं पुस्तक परत आलं त्याचं कारण तुमच्या लिखाणात नव्हतं एवढं नक्की सांगते.

---

निळी_शाई

अगदी असंच झालं माझं. आठवीत.

---

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितोय. मुलगी चौदाची. रविवारी मराठी शाळेत जाते, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची. देवनागरी वाचते पण हळू, आणि तिच्या वयाच्या गोष्टी वाचायला मागते तेव्हा माझ्याकडे ससा-कासव असतं. तिच्या इंग्रजी पुस्तकांत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जादू असते, लंडनच्या गल्ल्यांत असते. तिनं मला एकदा विचारलं, पुण्यात का नसते? आजीचं घर शुक्रवार पेठेत आहे, ते तिला पाठ आहे.

प्रूफवालींनी श्राव्य पुस्तकाचं लिहिलंय त्याला माझा पूर्ण पाठिंबा. ती वैजूचं बोलणं ऐकून शिकेल. म्हणून पुन्हा तेच : वैजूला वस्तीतल्या मुलीसारखंच बोलू द्या. आम्हाला इकडे कळणार नाही म्हणून सोपं करू नका. नाही कळलं तर आम्ही फोन करून विचारू.

---

कोकणकडा

मेट्रोच्या बोगद्यातल्या आसरेबद्दल विचारायचं राहिलं. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस सुरू झाला, तुमची गोष्ट २०१९ ची. मग ती बोगद्यात कशी?

---

ओढ्याकाठची

बोगदा तेव्हा खणला जात होता! म्हणूनच ती तिथे आहे. स्वारगेटला त्याच वर्षी खोदकामात जुना भुयारी जलमार्ग सापडला होता, वर्तमानपत्रांत फोटो आले होते. मुठेच्या पात्राखालून रेल्वे जाणार हे ऐकून ती बघायला उतरते. गोष्ट २०१९ च्या पुरापासून सुरू होऊन २०२४ ला, पहिली गाडी नदीखालून जाते त्या दिवशी संपते. वैजू तेव्हा वीस वर्षांची असते. डब्यात बसलेल्यांपैकी फक्त तिला कळतं की वरून कोण चाललंय.

आता उतारा. गेल्या दहा दिवसांत हाच लिहिला, बाकी काही नाही. निळी_शाई, आधी तू वाच.

> नळ पहाटे पाचला यायचा. साडेचारलाच वाजायला लागला.
>
> "बंद कर गं तो," आई गोधडीतूनच म्हणाली.
>
> "बंदच ए."
>
> वैजू हंडा घेऊन बाहेर आली. सार्वजनिक नळाच्या ओट्यावर एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, कोपरापर्यंत बांगड्या, पाय ओले. तिच्यासमोर ना बादली होती ना कळशी. वैजूनं हंडा लांबूनच नळाखाली सरकवला आणि उभी राहिली.
>
> "कुठलं पाणी हे?" बाईनं विचारलं.
>
> वैजू गप्प. नळ नुसताच वाजत होता.
>
> "पोरी, कुठलं पाणी?"
>
> "कॉर्पोरेशनचं."
>
> "त्याच्या आधी?"
>
> "खडकवासल्याचं."
>
> "त्याच्या आधी?"
>
> हे भूगोलात नव्हतं. वैजूनं मान हलवली.
>
> "पानशेतचं," बाई म्हणाली. तिनं नळाच्या तोंडाला बोट लावलं, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावं तसं. आवाज थांबला. "आणि त्याच्या आधी माझं."
>
> हंड्यात पाणी पडायला लागलं. गाळाचा वास आला. त्या रात्रीसारखाच.

---

निळी_शाई

ताई 🙏

"बंदच ए" वाचून मी मोठ्यानं हसले आणि मग शेवटच्या ओळीला अंगावर काटा आला. मला पुढचं प्रकरण वाचायला मिळेल का? मी कुणाला दाखवणार नाही. माझ्या वर्गातल्या दोघींना फक्त, त्या पण वाचतात.

---

रानजाई

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बांगड्या बरोबर आहेत. थोड्या वेळानं म्हणाली, त्या बाईला दहीभात द्यायला सांग त्या पोरीला.

---

विवेकवाट

पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा) मनापासून.

---

जुनापेठकर

चांगलं झालंय. एकच चूक आहे. त्या भागातली मुलगी 'कॉर्पोरेशनचं' नंतर लगेच 'खडकवासल्याचं' म्हणणार नाही. मध्ये पर्वती येते. पाणी धरणातून पर्वतीच्या जलकेंद्रात येतं, तिथे शुद्ध होतं आणि मग तुमच्या नळाला. तिकडची मुलं लहानपणापासून 'टाकीचं पाणी' म्हणतात. त्या बाईनं 'त्याच्या आधी' एकदा जास्त विचारायला हवं.

दुसरं, येत्या रविवारी सकाळी मी मोकळा आहे. एक उसासा अजून उभा आहे, ती जागा मला माहीत आहे. यायचं असेल तर सातपर्यंत सारसबागेच्या फाटकाशी या. उन्हं वाढली की मला चालवत नाही.

---

ओढ्याकाठची

काका, 'पर्वतीच्या टाकीचं' घातलं. वाचून बघितलं, आता चार पायऱ्या उतरल्यासारखं वाटतं, तळापर्यंत.

रानजाई, दहीभात दुसऱ्या प्रकरणात आहे. वैजू डब्यातला देते, शाळेत जाताना. आईंना सांगा.

रविवारी सातला येते. निळी_शाई, तुझ्या आईंना विचार, त्या हो म्हणाल्या आणि सोबत आल्या तर तूही ये. दोन प्रकरणं छापून आणते.